डोक्यावरचा हात

एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आजारी पणतीच्या डोक्यावरचा हात काढून घेतला, आणि पोरीच्या आईने प्रवासाची भरलेली पिशवी उपसली.

गाव धानाचं, जंगलाच्या कडेचं. म्हाताऱ्याचं नाव सिलास. नव्वदी केव्हाच मागे पडलेली, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, तरी रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून रोपं लावल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. ते मेनोनाईट पंथाचे ख्रिस्ती. ही माणसं साधी राहतात, हत्यार धरत नाहीत आणि शपथ घेत नाहीत. कशाचीच नाही, कुणासाठीच नाही.

तरुणपणी बांधाच्या भांडणात त्यांना कोर्टात उभं केलं, तेव्हा ते म्हणाले होते, "साहेब, शपथ घेत नाही. जे पाहिलं ते सांगतो." समोरच्याने खणखणीत शपथ घेतली आणि बांधालगतची पट्टी घेऊन गेला. सिलासबाबांनी दुसऱ्या दिवशी उरलेल्या शेतात नांगर धरला. पुढे मात्र गावात असं झालं, की सोयरीक ठरो की बैलांचा सौदा, लोक एवढंच विचारायचे, "सिलासबाबा हो म्हणाले का? मग झालं."

ललिता त्यांची नातसून. तिचं माहेर वेगळ्या रीतीचं. तिथे भाजीत मीठ घातलं की नाही, इथपासून गळ्याची शपथ व्हायची. तिची मुलगी जेमी सहा वर्षांची. पोरीच्या काळजाला जन्मापासून छिद्र होतं. जरा पळाली की ओठ निळे पडायचे, मग ती उंबऱ्यावर बसून दुसऱ्या पोरांचा खेळ बघायची. शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. "बहुतेक मुलं बरी होतात, उशीर करू नका," ते म्हणाले. "पण शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही." ललिताला यातलं शेवटचंच वाक्य ऐकू आलं.

तेव्हापासून ती एका जागी टिकेना. चुलीवर भात ठेवायची आणि पोरगी श्वास घेते का बघायला आत जायची. पिशवी भरायची, पुन्हा उपसायची. पदराचं टोक पिळून पिळून तिने त्याचे दोरे काढले होते.

निघायच्या आदल्या सकाळी ती जेमीला घेऊन बाबांपुढे उभी राहिली. बाबा नेहमीप्रमाणे पोरीचे केस कुरवाळू लागले.

"बाबा, तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत. हिच्या डोक्यावर हात आहेच तुमचा. शपथ घेऊन सांगा, माझी पोर बरी होऊन घरी येईल. तेवढं सांगा, मी उद्या निघते. नाहीतर मी हिला नेत नाही."

बाबांनी हात काढून घेतला.

"शपथ नाही घेत, बाई."

"लेकरासाठीसुद्धा?"

"नाही."

ललिताला वाटलं, या देवमाणसाला काहीतरी दिसलंय, म्हणूनच हात मागे गेला. तिने पोरीला उचललं, आत गेली आणि भरलेली पिशवी खाटेवर उपडी केली.

सासू मागून आली. "अगं, त्यांची रीतच आहे ती. ते लग्नातसुद्धा नुसतं 'हो' म्हणाले होते. माझ्या सासूबाई जन्मभर त्यावरून टोमणे मारायच्या."

"लग्न वेगळं, आई. तेव्हा कुणी मरत नव्हतं."

दुपारी ललिताने खिडकीतून पाहिलं, तर बाबा अंगणात दगडाने पाय घासत होते. नखांतला चिखल काडीने काढत होते. दोरीवर त्यांचा रविवारचा पांढरा सदरा हवेशीर टाकलेला. उद्या त्यांच्या शेतात रोवणी होती, गावातल्या बाया सांगून ठेवल्या होत्या. ललिताचा नवरा बुचकळ्यात पडून विचारत होता, "बाबा, गाडीत तुमची जागा कशाला? रोवणी कोण बघणार?"

"बाया करतील. त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. मी नुसता मधे मधे करतो."

जन्मात ज्याने एक रोवणी चुकवली नाही, तो माणूस शेत टाकून निघाला होता. ललिताला राहवेना. ती तरातरा बाहेर आली.

"शब्द द्यायला नाही म्हणता, आणि येता कशाला? काय कळलंय तुम्हाला? सांगून टाका ना एकदा."

बाबा ओले पाय पुसत म्हणाले, "मला काहीच कळलेलं नाही. म्हणून तर हात काढला. उद्याचा दिवस देवाच्या हातातला. त्यातलं मी परस्पर कसं वाटू? माझा थोरला तापाने फणफणला होता, तेव्हा बायकोने हेच मागितलं होतं माझ्याकडे. मी दिलं नाही. पोरगा गेला. ती फार रागावली. पण पुढे जन्मभर, मी 'आहे' म्हटलं की ती निर्धास्त व्हायची. शपथ घेतली असती, तर त्या दिवशी तिचं पोरही गेलं असतं आणि माझा शब्दही. बाई, माझ्या हातातलं आहे तेवढं सांगतो. मी येतो. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडेपर्यंत बाहेर बाकावर बसतो. बसून देवाशी बोलतो. एवढ्याला माझं हो."

ललिताला सगळं पटलं असं नाही. तिची धडधड थांबली असंही नाही. पण पोरीचे ओठ तिने पुन्हा एकदा पाहिले आणि पिशवी पुन्हा भरली.

दवाखान्यात बाबा बाकावर बसले ते हललेच नाहीत. ललिता मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझारा घालत होती. जेमीला ढगळ हिरवा झगा घालून चाकाच्या खाटेवर आणलं, तेव्हा पोरीने आईचं बोट घट्ट धरलं.

"आई, दुखणार नाही ना? माझी शप्पथ सांग."

"तुझी शप्पथ, अजिबात नाही," हे ललिताच्या अगदी जिभेवर होतं. हातही आपोआप पोरीच्या डोक्यावर गेला होता. तिची नजर बाकाकडे गेली. बाबा डोळे मिटून बसले होते.

तिने डोक्यावरचा हात काढला आणि पोरीचा तळवा हातात घेतला.

"दुखेल, बाळा. जागी झालीस की दुखेल. मी या दाराशीच असेन."

"जाणार नाहीस?"

"नाही."

"चहाला पण नाही?"

"चहाला पण नाही."

जेमीने जरा विचार केला, आणि बोट सोडलं. खाट आत गेली, दार लागलं.

नवरा म्हणाला, "चल, खाली चहा तरी घे." ललिता गेली नाही. ती बाबांच्या शेजारी बाकावर बसली. आतली घालमेल कमी झाली नव्हती. पण आता त्या घालमेलीला बसायला जागा मिळाली होती.

पोरगी शुद्धीवर आली तेव्हा नर्सने ललिताला आत सोडलं. जेमीचे ओठ सुकलेले होते, निळे नव्हते. तिने डोळे किलकिले केले.

"दुखतंय," ती पुटपुटली. आणि थोड्या वेळाने, "तू म्हणाली होतीस."

"हो."

"दाराशी होतीस?"

"होते."

तेवढं ऐकून पोरगी डोळे मिटून झोपली.

ललिता बाहेर आली. बाबा बाकाला धरून उठत होते.

"दार उघडलं, बाई. मग मी उरलेल्या रोवणीला जाऊ?"

"जा, बाबा," ललिता म्हणाली. "इथे मी आहे."