चावडीचा खड्डा

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा गावाची पत चावडीवरून ठरत असे, आणि पाटलांची ऐट तिच्या उंचीवरून.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथली चावडी वाळवीने खाल्ली आणि पाटलांना नवी बांधायचे वेध लागले. ओढ्यापलीकडच्या गावाने नुकतीच काळ्या दगडाची चावडी उभारली होती. आपली तिच्यापेक्षा हातभर तरी उंच हवी, एवढेच पाटलांचे म्हणणे होते.

काम गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याकडे आले. तो आधी पलीकडची चावडी पाहायला गेला. त्याने खांबांवरून हात फिरवला, काम चोख आहे असे मनापासून सांगितले आणि मग विचारले, एवढा दगड काढलात कुठून?

लोकांनी बोट दाखवले. अर्धी टेकडी पोखरली होती. चुना भाजायला तिच्यावरची झाडे गेली होती, झरा आटला होता. चावडी दिमाखात उभी होती आणि गावातल्या बायका कोसभरावरून पाणी वाहत होत्या.

म्हातारा परत आला. दुसऱ्या दिवशी पाटलांना म्हणाला, "पाटील, प्रत्येक इमारतीला एक खड्डा असतो. चावडी कुठं बांधायची ते तुम्ही सांगितलंत. खड्डा कुठं पाडायचा ते मी सांगतो."

त्याने गावाखालची पडीक जमीन दाखवली. तिथे काट्यांशिवाय काही उगवत नसे, पण माती पांढरी आणि चिवट होती. त्याच मातीच्या भिंती घालायच्या, असे त्याने ठरवले होते.

मातीची चावडी म्हटल्यावर पाटलांचा चेहरा उतरला. उंटावरचे शहाणे गावात कमी नव्हते. त्यांनी म्हाताऱ्याचे नावच 'खड्डेबुवा' ठेवले. शेवटी पाटील म्हणाले, "बांधा. पण एका पावसाळ्यात ढासळली, तर तुम्ही हे गाव सोडायचं."

सत्तरी उलटल्यावर माणसाने जायचे कुठे? तरी म्हातारा हो म्हणाला.

त्याने जुन्या चावडीचेच दगड जोत्याला लावले. मातीत भुसा घालून ती पायांनी तुडवली, दोन हात रुंद भिंती घातल्या, वारा येतो त्या अंगाला खिडक्या ठेवल्या आणि छपराच्या वळचणी चांगल्या लांब काढल्या.

मग पाऊस आला. आठ दिवस झड लागली. रोज सकाळी लोक भिंती पाहायला येत. काहींना चावडी पडायची जरा घाईच झाली होती. नवव्या दिवशी एका कोपऱ्याचा पाटाएवढा गिलावा गळून पडला. पाटील धावत आले. म्हाताऱ्याने उघडीप मिळताच घमेलेभर माती कालवली आणि कोपरा लिंपून टाकला.

"मातीचं दुखणं मातीच बरं करते," तो म्हणाला.

पावसाळा सरला. भिंत जिथल्या तिथे होती. खालच्या खड्ड्यात उताराचे सारे पाणी साठले होते. वैशाखात ओढा कोरडा पडला, तरी गुरे तिथे पाणी पीत होती आणि आसपासच्या विहिरींना पाझर होता.

त्याच वैशाखात पलीकडच्या गावचे चार जाणते आले. पाटलांनी त्यांना चावडीच्या गारव्यात बसवले, गूळपाणी दिले आणि लगेच तळ्यावर नेले. जणू तळे स्वतःच्या हातांनी खोदले होते, अशा थाटात ते सगळे समजावून सांगत होते. ऐकून पाहुण्यांनी गवंडीच मागितला. आम्ही त्याला घर देऊ, जमीन देऊ, त्याने कायमचे आमच्याकडे राहायला यावे, असे ते म्हणाले.

पाटलांनी म्हाताऱ्याकडे पाहिले. आपलेच जुने शब्द आठवून त्यांना लाज वाटली.

"कामाला खुशाल न्या," ते म्हणाले, "पण मुक्कामाला परत पाठवा. त्यांना हे गाव सोडता येणार नाही."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने उपरण्याने ते पुसले आणि पाहुण्यांबरोबर त्यांची टेकडी पाहायला निघाला.

तात्पर्य: घर किती उंच उभारले हे मागाहून पाहावे, त्यासाठी काय पोखरले हे आधी पाहावे.