जोगनाई दिसते

"मग खोटं काय लिहिलं मी? डोंगर तिथे आहे की नाही?"

मोरेश्वरचा आवाज चढला होता. उकंडबुवांसमोर आवाज चढवायची मठात कुणाची छाती नव्हती. पण मोरेश्वर बीएस्सी झालेला, शिवाय येत्या गुरुपौर्णिमेला गादी त्याच्याकडेच यायची होती.

बुवांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून आठच दिवस झाले होते. काळा चष्मा लावून ते ओट्यावर बसले होते.

खालच्या गावची पार्बताबाई पायरीवर बसली होती. तिच्या हातात प्रदूषण समितीचा कागद होता.

टेकडीखालच्या तीन गावांतल्या बायांनी वीज केंद्राच्या तिसऱ्या धुरांड्याविरुद्ध अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. कारण कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. हवा खराब झाल्याचं अर्जदार म्हणतात. परंतु टेकडीवरच्या मठाच्या वहीत गेली अकरा वर्षं रोज सकाळी चाळीस किलोमीटरवरचा जोगनाईचा डोंगर दिसल्याची नोंद आहे. सबब तक्रारीत तथ्य नाही.

मठाची वही हा एक नमुनाच होता. मठ स्थापणारे थोरले महाराज संन्यास घेण्याआधी वेधशाळेत शिपाई होते. घरदार सोडून आले, वेधशाळा काही सुटली नाही. येताना त्यांनी भंगारात निघालेला एक काचेचा गोळा आणला आणि मठाला नियम घालून दिला. सूर्याला नमस्कार झाला की तीन गोष्टी लिहायच्या. जाळीच्या पेटीतला पारा किती चढला. काचेच्या गोळ्यातून आलेल्या उन्हाने त्याच्या मागची कागदाची पट्टी काल किती तास जाळली. आणि सगळ्यांत लांबचं काय दिसतं.

ही तिसरी गोष्ट कठड्याशी उभं राहून मोठ्याने सांगायची असे. जवळ चिंच, मग देवळाचा कळस, मग नदीचं वळण, आणि सगळ्यांत लांब जोगनाई. शिष्याने "जोगनाई!" म्हणायचं, जमलेल्यांनी "दिसते!" म्हणायचं. नमस्कार, चहा, आणि मग ज्याचं त्याचं काम.

ज्याचं मन निर्मळ त्याला जोगनाई दिसते, असं मठात पुढे कधीतरी म्हणायला लागले. थोरल्या महाराजांनी ते सांगितलं नव्हतं. पण असल्या गोष्टींना सांगणारा लागतोच असं नाही.

थोरल्या महाराजांनंतर वही बुवांकडे आली. सव्वीस वर्षं त्यांनी ती चालवली. डोळ्यांपुढे पडदा आला तेव्हा ती मोरेश्वरच्या हातात दिली. त्याला अकरा वर्षं झाली.

"बुवाजी," पार्बताबाई म्हणाली, "माह्या घरचा माणूस रातभर खोकलते. पडला की जीव घाबरते, म्हणून भिंतीले टेकून बसते. पंधरा वर्षं झाली पयलं धुरांडं पेटून. अंगणात पापड टाकले तर सांजेले काळे. आन् तुमच्या वहीत रोज जोगनाई!"

बुवांनी मान वळवली.

"मोरेश्वर, आज काय लिहलं?"

"...जोगनाई."

"कशी दिसली?"

"दिसली म्हणजे... धुकं येतं, जातं. डोंगर थोडाच उठून जातो? चाळीस किलोमीटर, उत्तरेला, जरा उजवीकडे. डोळे मिटून बोट दाखवीन."

"डोळे मिटूनच दाखवलं तू."

मोरेश्वर लालबुंद झाला. पार्बताबाई मात्र हसली नाही. तिला हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"पट्ट्यांची पेटी आण," बुवा म्हणाले.

पत्र्याची पेटी आली. जळलेल्या पट्ट्यांच्या चळती वर्षावर्षाच्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. बुवांनी तळातली एक चळत सोडली. आता दिसत होतं, तरी त्यांनी पट्टी बोटांनीच चाचपली. मग ती मोरेश्वरला दिली.

"बोट घाल."

पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत जळून फाकली होती. मोरेश्वरचं नख आरपार गेलं.

"आता वरची घे. मागच्या महिन्यातली."

तिच्यावर नुसता तपकिरी ओरखडा होता. इस्त्री लागल्यासारखा. नख गेलं नाही.

"तासांत फार फरक नाही," मोरेश्वर म्हणाला. "वहीत तास लिहायचे असतात. किती खोल जळली ते लिहायचा रकानाच नाही. आणि गोळाही जुना झालाय, महाराज."

"गोळा जुना. माह्ये डोळे जुने. एवढ्या मुलखात नवीन काय ते तेवढं धुरांडं... आन् त्याच्यावर कोणाचाच संशय नाई."

पार्बताबाईने पट्टी हातात घेऊन पाहिली.

"ऊन एवढं मेलं म्हणता, मंग उकाडा काहून वाढून राहिला? आमच्या लहानपणी पहाटे गोधडी लागे."

"तोंडावरून गोधडी घे आन् पाह्य. अंधारही होते, गरमही होते."

बाईने पट्टी परत पेटीत ठेवली. तिला ते घरी बसल्या बसल्या कळलेलं होतं.

मोरेश्वरने वही उघडली आणि पाऱ्याचा रकाना पुढे केला. "हे बघा. हे तर मी बरोबर लिहिलंय. दर वर्षी रात्रीचा पारा थोडा थोडा वरच राहिला आहे. एक आकडा इकडचा तिकडे नाही."

"पाऱ्याले कोणी विचारत नाई, तुह्यं मन कसं हाय म्हणून," बुवा म्हणाले.

आता मात्र मोरेश्वरचा बांध फुटला.

"तेच तर! ज्याचं मन निर्मळ त्याला ती दिसते, हे मी याच ओट्यावर ऐकलं. तुमच्यासमोर ऐकलं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. वही हातात घेतली त्या पहिल्या दिवशी मी कठड्याशी उभा राहिलो... आणि मला काही दिसलं नाही."

बुवांचा हात पेटीवरच राहिला.

"मागे तीसचाळीस माणसं उभी. तुम्ही कालपर्यंत जोगनाई म्हणत होतात, आणि मी नदीचं वळण म्हणू? मी म्हणालो, जोगनाई. ते म्हणाले, दिसते. मला वाटलं, त्यांना खरंच दिसते. माझ्यातच काही खोट आहे."

मोरेश्वर बोलतच राहिला.

"चार महिने मीठ सोडलं. सोमवार धरले, मग शनिवार धरले. आईच्या बाराव्याला गेलो नाही, मन गढूळ होईल म्हणून. अकरा वर्षं, महाराज! रोज सकाळी वाटायचं, आज दिसेल."

पार्बताबाईने पदर तोंडाला लावला. तिचं ह्या माणसाशी भांडण होतं, आणि तिला त्याची कीव आली. भांडणाऱ्याला याच्याएवढी अडचण दुसरी नसते.



बुवा उठले. कठड्याशी गेले. काळा चष्मा काढून त्यांनी उत्तरेकडे पाहिलं. डॉक्टरने उघड्या डोळ्यांनी उजेडाकडे बघायला बंदी केली होती, पण बघून डोळे दिपावेत इतका उजेड तिकडे नव्हताच. चिंच स्वच्छ दिसत होती. तिचं पान न् पान मोजता आलं असतं. कळस होता, पण पुसट. त्याच्यापुढे ताकाच्या रंगाचं काहीतरी खालपासून वरपर्यंत भरलेलं होतं.

"काय दिसते, बुवाजी?" पार्बताबाईने विचारलं.

"...कळस."

मठात त्या कठड्यावरून हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता. "दिसते" म्हणायला मागे कुणी नव्हतं.

पार्बताबाईने पदराची गाठ सोडून एक कोरा कागद काढला. चार घड्या घातलेला. "पंधरा दिवसांत वरती अर्ज करता येते म्हणतात. तुमच्या वहीतलं खोटं हाय, असं मठानं लिहून द्यावं लागते. नाई तर तिसरं पेटते."

"लिहून दिलं तर मठ संपला," मोरेश्वर म्हणाला. "उद्यापासून आपलं कोण काय खरं मानेल? पारासुद्धा खोटा म्हणतील. आणि गादी... गादीवर कुणाला बसवणार, खोटारड्याला?"

"माह्या माणसाले श्वास पाह्यजे," पार्बताबाई म्हणाली. "गादी तुम्ही पाहून घ्या."

मोरेश्वरने बुवांकडे पाहिलं. बुवा पाठमोरे होते. ते नाही म्हणतील, अशी त्याला अजून आशा होती. ते नाही म्हणाले नाहीत.

त्याने कागद घेतला. पेटीवर ठेवून हाताने सपाट केला. मोठ्या अक्षरात लिहायला लागला आणि लिहिता लिहिता वाचत गेला, कारण पार्बताबाईला वाचता येत नव्हतं.

"लिहून देतो की, मठाच्या वहीत जोगनाईचा डोंगर दिसल्याची जी नोंद आहे, ती मी, शिष्य मोरेश्वर, याने डोंगर दिसत नसताना केलेली आहे. अशा प्रकारे गेली अकरा वर्षे..."

"थांब."

बुवा वळले. चष्मा हातातच होता. नव्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"तुह्यं नाव खाली घे. वर माह्यं टाक. आन् अकरा नाई... पंधरा लिह."