राजाच्या शालीची कापलेली कड

एका राज्यात, समुद्राकाठच्या तांबड्या डोंगरावर, वेल्थुर नावाचा राजा होता. जात्याच उतावळा. तिथे राजाची शाल मागावरच गोलाईत विणली जाई, आणि विणल्या कापडाला कात्री लावणे म्हणजे जिवंत अंगाला लावणे, असे सारे मानीत. राज्याभिषेकाच्या दिवशी शाल राजाच्या पायात आली. त्याने तिथल्या तिथे कड कापून भिरकावली. एका घुबडाने ती उचलून नेली.

शाल विणणारी म्हातारी थाना चेटकीण होती. ती म्हणाली, "महाराज, कापल्या जागेतून आता जांभळा रंग चढेल. गळ्याशी पोचला की श्वास थांबेल."

रंग चढू लागला. शाल अंगावरून निघेना, आणि रंगाखालचे अंग गार पडत गेले. तो छातीशी आला तेव्हा राजकन्या राम्था थानाच्या दारी गेली. बाप कसाही असला तरी तिला तेवढा एकच होता.

"कड आण. तुझ्या आईची टकळी आण. तिसरे मग सांगेन," थाना म्हणाली.

राम्था घुबडाच्या ढोलीशी गेली. कड पिलांवर पांघरलेली होती. घुबड म्हणाले, "ती दिली तर माझी पिले कुडकुडतील." राम्थाने अंगावरची शाल काढून दिली, कड घेतली आणि थंडीत शालीविनाच चालत राहिली.

मेलेली आई डोंगराच्या पोटात, दगडी शय्येवर, टकळी मुठीत धरून निजली होती. "आई, बाबांसाठी हवी आहे," राम्था म्हणाली. मूठ उघडली, राम्थाने टकळी घेतली. मग पुन्हा मिटली, रिकामीच. राम्थाला फार रडू आले.

"आता तुझे लग्नाचे वस्त्र उकल," थाना म्हणाली. "कड त्याच लोकरीने विणून जोडायची."

त्या राज्यात मुलगी उभ्या मागावर लग्नाचे वस्त्र आयुष्यात एकदाच विणी. ते नसेल तर लग्न नसे. राम्थाचे लग्न सुगीनंतर ठरले होते. धागा धागा उकलून तिने आईच्या टकळीवर पीळ दिला आणि बापाच्या पायाशी बसून कड विणून जोडली.

जांभळा रंग गळ्याशी पोचता पोचता मागे उतरला. अंगात ऊब आली. राजा उठून बसला नि म्हणाला, "पोरी, आजच तुझे लग्न लावू. वस्त्र आण."

राम्थाने शालीची कड त्याच्या हातात दिली. "हेच ते, बाबा."

शाप फिटला. राजा मात्र त्या दिवसापासून सावकाश चालू लागला. शालीची कड जमिनीला लागू नये म्हणून ती तो दोन्ही हातांनी उचलून धरी.