अण्णा पुढच्या बाकावर बसले

आंबेवाडीच्या कॉलेजात मंदा सिस्टर पोरापोरींना एचआयव्हीची माहिती द्यायला उभ्या राहिल्या, तोच संस्थेचे अध्यक्ष बळवंतअण्णा दारातून कडाडले, "बंद करा हे! असलं ऐकून पोरं नको ते करायला शिकतील."

सिस्टरांनी शांतपणे विचारलं, "अण्णा, गेल्या पावसाळ्यात मी इथंच सर्पदंशाची माहिती दिली होती. ती ऐकून किती पोरं साप धरायला गेली?"

"एकही नाही."

"उलट, रानात बूट घालून जायला लागली."

पोरं खुदखुदली. अण्णांनाही मिशीतलं हसू लपवता येईना. पुढच्या बाकावर टेकत ते म्हणाले, "सरका रे. सिस्टर, यापासून वाचायला कुठले बूट लागतात, ते नीट सांगा. लाजू नका, मी बसलोय इथं."