सरकारचं पाणी

सोजरबाईंचा नदीकाठी पानमळा होता. नदीतून इंजिनाने पाणी घ्यायला पाटबंधारे खात्याचा उपसा परवाना लागे. त्यासाठी त्या उन्हाळाभर कार्यालयात खेटे घालत होत्या. साहेब बहुधा मीटिंगला गेलेले असत. एकदा सापडले, तेव्हा खेकसले, "नदीतला थेंब न् थेंब सरकारचा आहे. परवान्याशिवाय तांब्याभर उचललात तरी गुन्हा!"

अर्धा मळा वाळून गेला.

भाद्रपदात धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी गावात शिरली. पाहणीला साहेब जीपने आले. घरोघरी लोक घमेल्यांनी पाणी उपसत होते. सोजरबाई मात्र गुडघाभर पाण्यात, दारात टाकलेल्या खाटेवर बसून होत्या.

साहेब म्हणाले, "अहो बाई, पाणी उपसायचं सोडून बसलात काय?"

"कशी उपसू, साहेब?" सोजरबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "थेंब न् थेंब सरकारचा. तांब्याभर उचललं तरी गुन्हा, असं तुम्हीच म्हणालात. आता सरकारचा माल माझ्या घरात येऊन पडलाय. एक तर परवाना द्या, नाही तर तुमचं पाणी तुम्ही घेऊन जा."

सगळी आळी हसली. साहेब कानापर्यंत लाल झाले. "बरं, उद्या कार्यालयात या. देतो परवाना."

"उद्या तुम्ही मीटिंगला असाल."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथेच परवाना लिहिला आणि सही केली. मग सोजरबाईंनी पदर खोचला आणि घमेलं उचललं. उरलेल्या वेली त्या परवान्यावर जगल्या. वाळल्या त्या वाळल्याच.