उभ्या सातचे उत्तर

कासारखेडच्या वाचनालयाचे दार रविवारी आठला उघडे. पण पावणेआठलाच दोन माणसे पायरीवर येऊन बसलेली असत. एक नरहरपंत पोतनीस. तीस वर्षे शाळेत मराठी व्याकरण शिकवून ते निवृत्त झाले होते. दुसरा अंताजी जिनगर. वाचनालयातली फाटकी पुस्तके उसवून, शिवून, पुठ्ठा घालून तो पुन्हा नवी करी. दोघे एकाच वयाचे होते. तरी पंत त्याला ‘अंताजी, ये रे’ म्हणत आणि तो पंतांना ‘तुम्ही’ म्हणे. त्यात दोघांनाही कधी काही वावगे वाटले नाही.

त्यांना तिथे ओढून आणी ते ‘नदीकाठ’ साप्ताहिकातले श्लेषकोडे. साधे शब्दकोडे कुणीही सोडवते. हे तसे नव्हते. यातला प्रत्येक शब्द दोन तोंडांनी बोले. ‘मांडवात पाटावर खाली बसला, तरी सगळे त्याला काय म्हणतात?’ असे सूचक वाक्य असे आणि उत्तर असे, ‘वर’. ‘होडीवाल्याची पाण्यावर, तुमचे कागदावर’ असे असे आणि उत्तर, ‘नाव’. गावातली शिकलेली माणसे चारदोन चौकटी भरून पेपर बाजूला ठेवत. शेवटच्या चौकटीपर्यंत जाणारे हे दोघेच.

अंताजी लहानपणापासून अडखळत बोलत असे. अक्षर ओठांवर येई आणि तिथेच रुतून बसे. समोरच्याने मान वळवली की ते अधिकच रुते. म्हणून त्याने एक युक्ती शोधली होती. ‘पाणी’ अडले की तो ‘जल’ म्हणे, ‘जल’ही अडले तर ‘तहान लागली’ म्हणे. एकेका शब्दासाठी त्याने असे दहा दहा शब्द मनात साठवून ठेवले होते. बांधणीला आलेले प्रत्येक पुस्तक तो आधी वाचून काढी. त्यामुळे शब्दांच्या आडवाटा त्याला पंतांपेक्षाही जास्त ठाऊक होत्या. पण हे कुणाला कळणार कसे? टेबलाशी बसून पंत मोठ्याने विचार करीत, आणि अंताजी चिठोऱ्यावर उत्तर लिहून हळूच त्यांच्याकडे सरकवी. बघणाऱ्यांना वाटे, कोडे पंत सोडवतात आणि जिनगर सोबतीला बसतो.

गावात अंताजी बोले तो फक्त पंतांशी. बाजारात तो बोटाने वस्तू दाखवी. नातलगांत मान हलवी. पंतांपाशी मात्र तो अडखळला तरी थांबत नसे. पंतही पेन्सिल खाली ठेवून त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत वाट बघत. हे त्यांचे खरे मोठेपण होते आणि ते पंधरा वर्षे टिकले.

मग ‘नदीकाठ’चे जुने कोडेकार वारले. संपादक वसंतराव दिवेकर स्वतः पंतांच्या घरी आले.

“पंत, गावात हे काम करील असं दुसरं कुणी नाही,” ते म्हणाले. “दर आठवड्याला एक कोडं द्या.”

पंत हरखून गेले. पहिले कोडे रचायला त्यांना आठ दिवस लागले. छापून आले तेव्हा त्यांनी अंताजीला बजावले, “आता मी तुझ्या बाजूला नाही हं. आता समोरासमोर.”

अंताजी मनापासून हसला. त्या रविवारी त्याने दहा वाजायच्या आत सगळ्या चौकटी भरल्या.

पंतांना पहिल्या वेळी कौतुक वाटले. दुसऱ्या वेळी आश्चर्य वाटले. पुढे त्यांना ते टोचायला लागले. आठवडाभर डोके खाजवून रचलेला डाव हा माणूस दोन तासांत मोडून ठेवतो. पंत शब्द अवघड करीत गेले. बाकीचे गाव मागे पडले, अंताजी पडेना. हळूहळू लोकांच्या ध्यानात आले की पंधरा वर्षे टेबलाच्या कुठल्या बाजूला काय चालले होते. ‘डोकं जिनगराचं हो, पंतांचा नुसता आवाज,’ असे वाचनालयाचा कारकून कुणाला तरी सांगत होता. ते पंतांनी कपाटाआडून ऐकले.

पौषात वाचनालयाचा वर्धापनदिन झाला. शेवटी संपादक उभे राहिले आणि म्हणाले, “सलग दहा कोडी पूर्ण सोडवणारे एकच वाचक आहेत. अंताजी, पुढे या. दोन शब्द बोला.”

अंताजीच्या कपाळावर घाम आला. त्याने पंतांकडे पाहिले. पंतांनी नेहमीसारखी वाट बघायला हवी होती. ते छताकडे बघत राहिले.

“पं… पंतांचं कोडं… छ… छान असतं,” अंताजी म्हणाला. सभा गप्प होती. काहीतरी जास्त बोलले पाहिजे असे त्याला वाटले असावे. भाषण त्याने आयुष्यात केले नव्हते. तेव्हा टेबलाशी पंतांना जे सांगितले असते तेच त्याने सांगितले. “या खे… खेपेला एकच… तेरा आडवे. ‘गळ्यात पडतो, प… पदरीही पडतो.’ उत्तर हार. फुलांचा हार प… पडतो. पण पराभवाची हार… ती पडते.”

क्षणभर कुणाला काही कळले नाही. मग मागून एक जुना विद्यार्थी ओरडला, “मास्तर, लिंग चुकलं की हो!”

सभागृह खदखदून हसले. संपादकही हसले. अंताजीला वाटले लोक नेहमीप्रमाणे आपल्यालाच हसत आहेत. तो लगबगीने खाली उतरला.

बाहेर पडताना त्याने पंतांना गाठले. “पंत, तुम्हाला र… राग…”

“छे रे! मला कसला राग?” पंत म्हणाले आणि चपला पायात सरकवून निघाले. या वेळी त्यांनी त्याचे वाक्य पुरे होऊ दिले नाही.

घरी गेल्यावर पंत जेवले नाहीत. हसणारा एकेक चेहरा डोळ्यांपुढे येत होता. तीस वर्षे पोरांकडून लिंग-वचन घोकून घेतले, आणि सगळ्या गावासमोर एका तोतऱ्याने आपली वही तपासली! ‘तोतरा’ हा शब्द त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला. आला आणि बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते नवे कोडे घेऊन बसले. उभ्या साताला दोन अक्षरांची जागा उरली होती. उत्तर त्यांना आपोआप सुचले आणि पाठोपाठ वाक्यही सुचले. ‘आई बाळाचा घेते, आमच्या वाचनालयात मात्र तो खुर्चीवर बसतो.’

उत्तर होते, ‘मुका’.

पंतांनी ते पुन्हा पुन्हा वाचले. बाळाचा मुका आणि न बोलणारा मुका. दोन्ही पुल्लिंगी. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. इतका बांधीव श्लेष त्यांनी आजवर रचला नव्हता.

संपादकांनी ते वाचले आणि त्यांचा चष्मा कपाळावर गेला.

“पंत, उभे सात… हे कुणाला उद्देशून तर नाही ना? असेल तर बदलून टाकू. अजून वेळ आहे.”

पंतांना तिथे थांबता आले असते. एक ओळ खोडायची होती, इतकेच. पण ते हसून म्हणाले, “अहो, वाचनालयात सगळेच तोंड मिटून बसतात. शब्दांचा खेळ आहे हा, दिवेकर. तुम्ही उगाच माणसं शोधू नका त्यात.”

संपादकांना ते पटले. ओळ छापली गेली.

रविवारी दोघे नेहमीप्रमाणे टेबलाशी बसले. अंताजी चौकटी भरत चालला होता. पंत पुस्तकाच्या वरच्या कडेवरून त्याच्याकडे बघत होते. एका ठिकाणी त्याची पेन्सिल थांबली. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने दोन अक्षरे लिहिली, पेपराची घडी केली आणि “येतो” म्हणून उठला. ते ‘येतो’ म्हणायलाही त्याला फार वेळ लागला.

त्याला कळले की नाही, पंतांना उमगेना. कळले नसले तर बरे, असे एक मन म्हणत होते. दुसरे मन चरफडत होते, कारण गावात कुणीच हसले नव्हते. उभे सात दुसऱ्या कुणालाच सुटले नव्हते. असला नामी बाण आणि तो लागलेला कुणी पाहिलाही नाही!

मंगळवारी एसटी स्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर चारपाच ओळखीची माणसे बसली होती. एकाने विचारले, “पंत, ते सात नंबरचं काय हो उत्तर?”

नुसते उत्तर सांगून पंतांना उठता आले असते.

“मुका,” ते म्हणाले. कुणी हसेना तेव्हा त्यांनी डोळे मिचकावले. “अहो, वाचनालयात कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोण बसतं, ते आठवा की!”

आधी एक हसला, मग सगळेच हसले. कुणीतरी पंतांच्या पाठीवर थाप मारली. वर्धापनदिनापासून छातीत रुतलेला काटा निघाल्यासारखे पंतांना वाटले. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला.

गुरुवारच्या बाजारात भाजीवाले अंताजीला ‘या मुकेशेट’ म्हणू लागले. पानवाला दोन बोटे गालाला लावून ‘घेऊ का?’ असे विचारू लागला. दहा शब्द मनात साठवून हिंडणाऱ्या त्या माणसाला त्यावर देण्यासाठी एकही सापडला नाही.

पुढच्या रविवारी अंताजी उशिरा आला. तो खुर्चीवर बसला नाही. मागच्या आठवड्याचे कोडे त्याने पंतांसमोर ठेवले. सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या, सुवाच्य अक्षरात. उभ्या सातात ‘मुका’ लिहिलेले होते. टेबलावर हात टेकून तो बोलायला लागला. शब्द येत नव्हते, पण तो बदलीचे शब्द शोधत बसला नाही. अडलेल्याच शब्दाला तो धक्के देत राहिला. पंतांना वर बघवेना.

“प… पंत,” शेवटी तो म्हणाला. “या… या खेपेला… लिंग ब… बरोबर आहे.”

एवढे बोलून तो वळला आणि पायऱ्या उतरून गेला. वाचनालयात तो परत आला नाही.

पंत कोडी रचत राहिले. पण आता ती कुणी पुरी करीना. उत्तरे छापून आली की लोक म्हणत, ‘असं होय!’ आणि पान उलटत. पंतांना कळून चुकले की इतके दिवस ते गावासाठी लिहीतच नव्हते. एका माणसाला कसे अडवता येईल आणि तो कसा सुटेल, एवढेच त्यांच्या मनात असे. गणपतीच्या सुमारास संपादकांनी कोड्याची जागा राशिभविष्याला दिली. पंतांनी तक्रार केली नाही.

एकदा सकाळी धीर करून ते अंताजीच्या घरी गेले. ओटीवर खळीचा वास सुटला होता. अंताजी एका जाड पुस्तकाची पाने शिवत बसला होता. पंतांना पाहून त्याने सुई खाली ठेवली, सतरंजी पुढे केली आणि आत बघून पाण्याची खूण केली. त्याची मुलगी सुलोचना तांब्या घेऊन आली.

“अंताजी,” पंत म्हणाले, “माझं चुकलं. मी नीचपणा केला.”

अंताजीने त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. पुढे वाकून त्याने पंतांच्या गुडघ्यावर क्षणभर हात ठेवला, मान हलवली आणि पुन्हा सुई उचलली. पंत वाट बघत राहिले, पूर्वी बघत तशीच. पाने शिवून झाली. त्याने दोरा तोडला. तो बोलला नाही.

पंतांचा धीर सुटला. “अरे, शिवी दे. पण काहीतरी बोल!”

“ते आता बोलत नाहीत,” सुलोचना हळूच म्हणाली. “कुणाशीच नाही. घरातसुद्धा पाटीवर लिहून दाखवतात. तुम्हाला त्यांनी केव्हाच माफ केलंय, पंत. तसं लिहिलंही होतं मला. पण तोंड उघडायला गेले की आता काहीच बाहेर येत नाही.”

“पोरी, मी फक्त दोन अक्षरं लिहिली होती गं.”

सुलोचनेने तांब्या खाली ठेवला.

“दोन अक्षरं बोलायला बाबांना किती त्रास व्हायचा, ते तुम्हाला ठाऊक होतं. घराबाहेर फक्त तुमच्यासाठी बाबा तो त्रास घेत होते.”

पंत उठले. अंताजी त्यांना पोचवायला अंगणापर्यंत आला आणि हात जोडून उभा राहिला. त्यानंतर दोघे त्याच गावात नऊ वर्षे जगले. रस्त्यात भेटले की एकमेकांना नमस्कार करीत. बोलणे मात्र पुन्हा कधी झाले नाही.

तात्पर्य: ज्याने विश्वासाने स्वतःचे उणेपण आपल्यापुढे उघडे ठेवले, त्याच्या त्या उणेपणाची थट्टा करून चार लोकांचा हशा मिळवता येतो; पण त्यात गेलेला माणूस, त्याने क्षमा केली तरी, परत मिळतोच असे नाही.