भिंती सोलल्यावर

एकदा एक शाळा होती आणि त्या शाळेत दुपारी कुणी बोलत नसे. तळ्याकाठच्या एका लांबट कौलारू इमारतीत वास्तुविद्येचे विद्यार्थी पुठ्ठ्याच्या इवल्या इमारती चिकटवीत, आणि मग हनुवटी मेजावर टेकवून त्यांच्या दारांतून आत पाहत राहत. शाळेचे वृद्ध गुरू, ज्यांना सगळे आचार्य म्हणत, यालाच खरा अभ्यास मानीत. एकाग्रतेने पाहता पाहता मनुष्य अंगठ्याएवढा होतो, पुठ्ठ्याच्या जिन्याने वर चढतो, खिडकीशी थांबतो आणि तिथला उजेड त्याला अंगावर जाणवतो, अशी त्यांची श्रद्धा होती. बाहेरून येणाऱ्याला मात्र वाटे, की मुले जेवून पेंगत आहेत. काही जण खरोखरच पेंगत असत, हे मी नाकारणार नाही.

या शाळेतली सर्वांत हुशार शिष्या चारुता. तिची रेघ कधी थरथरत नसे आणि तिने कापलेल्या पुठ्ठ्याला कधी धस निघत नसे. ती नेहमी उभ्याने काम करी. हनुवटी टेकवून स्वप्ने पाहणे हे ज्यांना हात नाहीत त्यांचे काम, असे ती हसत हसत म्हणे.

त्या वर्षी गावातल्या एका वृद्ध कापड-व्यापाऱ्याने शाळेला निरोप धाडला. त्यांची पत्नी मोठ्या दवाखान्यात बराच काळ आजारी राहून वारली होती. त्या दवाखान्यासमोर, रस्त्यापलीकडे, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक विसावा बांधावा अशी त्यांची इच्छा होती. आपण होऊन हे काम मागणारी चारुता एकटीच होती. तिची आई ती लहान असताना अशाच एका दवाखान्यात वारली होती. वाट पाहत बसण्याचे दुःख तिला ठाऊक होते आणि आपल्या हातून पहिली वास्तू उभी राहावी ती हीच, असे तिने मनाशी ठरवले होते. त्या व्यापाऱ्याला, म्हणजे शेठजींना, तिची प्रतिकृती पसंत पडली नाही, तर ते काम दुसऱ्या कुणाला देणार होते.

तिने जीव ओतून प्रतिकृती केली. नक्षीदार जाळ्या, तारेची झाडे, आणि वरून पाहिले की उमललेल्या कमळासारखे दिसणारे छप्पर. वर्गातल्या सगळ्यांनी वाहवा केली आणि चारुताला आभाळ ठेंगणे झाले. ते कमळ पाहण्यासाठी बिचाऱ्या नातेवाइकांना घारीच्या पाठीवर बसावे लागले असते, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

आचार्यांनी प्रतिकृतीभोवती सावकाश एक फेरी मारली.

"सुबक आहे," ते म्हणाले. "आता दारं-खिडक्यांना आतून चिकटपट्टी लाव."

आत धूळ जाऊ नये म्हणून असेल, असे समजून तिने पट्ट्या लावल्या. मग आचार्यांनी कमळाचे छप्पर अलगद उचलून बाजूला ठेवले, बादलीत प्लास्टर कालवले आणि शांतपणे त्या इमारतीत काठोकाठ ओतले.

चारुता पुढे धावली. "आचार्य, आठवड्याअखेर शेठजी येणार आहेत."

"हो, लक्षात आहे माझ्या," ते म्हणाले आणि तळ्याकडे तोंड करून बसले.

कौलांतून उतरलेला उन्हाचा कवडसा मेजावरून सरकत राहिला. बऱ्याच वेळाने आचार्य म्हणाले, "हात लावून बघ." तिने लावला. घट्ट होताना प्लास्टर तापते, हे तिला पुस्तकातून माहीत होते. पण ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी ती ऊब हाताला लागताच ती दचकली.

"आता भिंती सोल."

ओला पुठ्ठा पट्ट्यापट्ट्यांनी निघाला. जाळ्या गेल्या, झाडे गेली. डोळ्यांतले पाणी तिने बाहीला पुसले. शेवटी मेजावर उरला एक पांढरा, गुळगुळीत ठोकळा, कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीसारखा.

"हे काय आहे?" आचार्यांनी विचारले.

"प्लास्टर."

"नाही, बाळ. तू लोकांना जे देणार आहेस, ते हे आहे. जाळ्या तुझ्या, कमळ तुझं. त्यांच्या वाट्याला येते ती आतली पोकळी. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आज घट्ट करून दाखवली." त्यांनी ठोकळा तिच्याकडे सरकवला. "आई आजारी होती तेव्हा तू कुठे बसायचीस?"

तिने ठोकळ्याला चिकटलेला पुठ्ठ्याचा एक कपटा काढला. मग म्हणाली, "जिन्याखाली."

"बाकं नव्हती?"

"होती. पण बाकावर बसलं की येणारा-जाणारा विचारायचा, कशी आहे आई? जिन्याखाली कुणी विचारत नसे. आणि तिथून आईच्या खोलीचं दार दिसायचं."

"मग ते जिन्याखालचं या ठोकळ्यात कुठे आहे, मला दाखव."

चारुताने ठोकळ्यावरून हात फिरवला. हात कुठेही अडला नाही. तिला फार लाज वाटली आणि त्याहून अधिक आईची आठवण आली, आणि ती सगळ्यांदेखत रडली.

आचार्यांनी तिला रडू दिले. मग म्हणाले, "रेघ ओढताना रेघेकडे बघू नये. दोन रेघांच्या मधे कोण येऊन बसणार आहे, त्याच्याकडे बघावं. एवढंच शिकवायला मी इथे बसलोय. बाकीचं तुम्हाला येतंच."

दुसऱ्या दिवशी चारुताने तळ्याकाठची माती आणली आणि प्रथमच ती बसून काम करू लागली. भिंतींचा विचार तिने केला नाही. आधी तिने मातीचा गोळा घडवला: पोकळीचाच आकार, पण हातात धरता येईल असा. कुठे तो फुगवला, जिथे दहा माणसांनी एकत्र डबा खावा. कुठे चिमटीत दाबून बारीक केला. एका बाजूला अंगठ्याच्या पेराएवढा एक फुगवटा बाहेर काढला. मधेच ती डोळे मिटून बसे आणि मग तिचे ओठ हलत. आत कुणाशी तरी बोलून येत असावी. सगळ्यात शेवटी तिने त्या गोळ्याच्या अंगावर साधा पुठ्ठा बेतला आणि पुन्हा गोळा बाहेर काढून ठेवला.

शेठजी आले. पुठ्ठ्याची ओबडधोबड इमारत पाहून त्यांचा चेहरा उतरला. "हे एवढंच?"

"ही नुसती भिंत आहे, काका," चारुता म्हणाली. "जागा ही आहे." आणि तिने मातीचा गोळा त्यांच्या ओंजळीत दिला.

शेठजींनी तो उलटसुलट करून पाहिला. कापडाचा पोत पारखण्यात आयुष्य गेलेली ती बोटे मातीवरून हळूहळू फिरली आणि त्या लहानशा फुगवट्यापाशी थांबली.

"हे कशासाठी?"

"एकट्या माणसासाठी. तिथे कुणी काही विचारायला येत नाही. समोर छोटी खिडकी आहे, तिच्यातून दवाखान्याचं दार दिसतं."

शेठजींचा अंगठा तिथेच राहिला.

"मी बाहेर गाडीत जाऊन बसायचो," ते म्हणाले. "काचा वर करून. तिथून दार दिसत नसे. ती गेली तेव्हा मला शोधायला माणूस पाठवावा लागला."

आचार्य तळ्याकडे पाहत होते.

"हे बांधा," शेठजी म्हणाले. "आणि ती खिडकी आणखी थोडी दवाखान्याच्या दाराजवळ आणता आली, तर बघा."

चारुता त्यांच्या शेजारी बसली आणि तिने पेन्सिल हातात घेतली.